घरचं मीटर भिंतीवर लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोयाबीन निघालं, कापसाची पहिली वेचणी घरात येऊन पडली. आता तीन-चार महिने गावात पैसा खेळेल आणि होळीनंतर तो कुठे गेला हे कुणालाच सांगता येणार नाही. या दिवसांत आपल्या शेतीपानावर भाव येतात, हमीभाव येतो, खरेदी केंद्रांच्या बातम्या येतात. पण हाती आलेला पैसा पुढच्या दिवाळीपर्यंत कसा पुरवायचा, यावर जो मजकूर येतो तो नोकरदारांचा असतो: पगाराचे भाग करा, निम्मा गरजेला, थोडा हौसेला, वीस टक्के बचतीला. ज्या घरात महिन्याच्या १ तारखेला काहीच येत नाही त्या घराने या टक्केवारीचं काय करायचं?

कोरडवाहू घराच्या हिशेबाला दुसरी भाषा लागते, आणि ती गावातल्या पोट्ट्यांना आधीच येते. पारावर, एसटीच्या थांब्यावर ते मोबाइलवर मारामारीचे गेम खेळत बसतात. मोठी माणसं त्यांना रिकामटेकडे म्हणतात. पण त्या खेळात फटका, ताकद आणि वेळ यांचं जे गणित ते मिनिटामिनिटाला करतात, तेच पाच एकरांवर जगणाऱ्या घराच्या अंदाजपत्रकाचं गणित आहे. म्हणून आमचं म्हणणं असं, की घरखर्चाची वही या पोरापोरींच्या हाती द्यावी आणि त्यांनी तिचा तक्ता करून घरातल्या सगळ्यांना दिसेल असा लावावा.

ज्यांनी हे गेम कधी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं खोलात सांगतो. 'टेकेन', 'स्ट्रीट फायटर', 'किंग ऑफ फायटर्स' या जातीच्या खेळात दोन लढवय्ये समोरासमोर असतात आणि पडद्यावरचं चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं. त्या एका चित्राला फ्रेम म्हणतात. प्रत्येक फटक्याचं मोजमाप फ्रेममध्ये होतं आणि त्याचे तीन भाग पडतात. हात उगारायला लागतो तो स्टार्टअप, फटका लागू शकतो तेवढा वेळ ॲक्टिव्ह, आणि हात मागे घेऊन पुन्हा सावध व्हायला लागते ती रिकव्हरी. 'स्ट्रीट फायटर ६' मधल्या लढवय्या र्‍यूचा उभ्याने मारलेला हलका ठोसा घ्या: ४ फ्रेम उगारायला, ३ फ्रेम लागू, ७ फ्रेम सावरायला. त्याचाच शोर्युकेन, म्हणजे उडी घेऊन हनुवटीवर मारायचा ठोसा, दिसायला जबरदस्त. पण समोरच्याने तो अडवला तर र्‍यू वीसहून जास्त फ्रेम हलू शकत नाही, आणि तेवढ्यात समोरचा त्याला मनासारखं झोडपतो. 'टेकेन'मध्ये हा हिशेब आणखी कडक. तिथे बहुतेकांचा सगळ्यात जलद ठोसा १० फ्रेमचा. म्हणजे तुमचा फटका अडवला गेल्यावर तुम्ही १० फ्रेम मागे पडलात तर तो ठोसा तुम्हाला बसणारच, आणि १५ फ्रेम मागे पडलात तर बरेच गडी तुम्हाला हवेत उचलतात.

नवखा खेळाडू फटका किती जोराचा आहे ते पाहतो. मुरलेला आधी पाहतो, हा चुकला तर मी किती वेळ उघडा पडेन. घरखर्चात नेमका हाच प्रश्न आपण विचारत नाही. वस्तूची किंमत विचारतो, रिकव्हरी विचारत नाही.

एक हिशेब मांडून पाहू. समजा पाच एकर कोरडवाहू वावर आहे: तीन एकर सोयाबीन आणि त्यात तूर, दोन एकर पऱ्हाटी. सोयाबीन एकरी ६ क्विंटल धरलं तर १८ क्विंटल. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये आहे, पण घरच्या हिशेबात तो धरू नये. ओलावा, डाग, केंद्रावरची रांग हे सगळं वजा करून ४,२०० धरावा. झाले ७५,६०० रुपये. तूर ३ क्विंटल, ६,५०० ने १९,५००. कापूस १२ क्विंटल, ७,००० ने ८४,०००. केंद्र आणि राज्य यांच्या सन्मान निधीचे मिळून वर्षाचे १२,०००. एकूण १,९१,१००. यातून बियाणं, खत, डवरणी, निंदण, फवारणी, मळणी आणि वेचणी. किलोला १० रुपये धरले तरी १२ क्विंटलची नुसती वेचणी १२,००० खाते. तेव्हा लागवडीचा सगळा खर्च ८५,००० समजा. उरले १,०६,१००. किराणा, तेल, वीजबिल, गॅस, मोबाइल, गाडीचं पेट्रोल, तालुक्याला जाणं-येणं मिळून महिना ७,००० म्हणजे वर्षाचे ८४,०००. शेवटी हातात राहतात २२,१००. याला ३६५ ने भागा: दिवसाला साठ रुपये.

हे साठ रुपये म्हणजे घराचा सावरण्याचा वेग. कोणत्याही खर्चाला साठाने भागलं की रिकव्हरीचे दिवस निघतात. १६,००० चा मोबाइल: २६७ दिवस, म्हणजे नऊ महिने, तेही शाळा, कपडे, दवाखाना, आहेर यांवर मधे एक रुपया न जाता. ९०,००० ची मोटारसायकल: १,५०० दिवस, चार वर्षांच्या वर. महिन्याला ५,००० शिल्लक टाकणारा नोकरदार तोच मोबाइल घेतो आणि सव्वातीन महिन्यांत सावरतो. दुकानातली किंमत दोघांना सारखी, पण एक ९७ दिवस उघडा राहतो आणि दुसरा २६७. शेजाऱ्याने घेतलं म्हणून घेणं इथेच अंगाशी येतं. वहीत प्रत्येक मोठ्या खर्चापुढे रकमेशेजारी दिवसांचा आकडा लिहायची सवय लावली तर घरातलं बोलणंच बदलतं. नको म्हणायला कुणाला वाईट व्हावं लागत नाही, आकडाच बोलतो.

आता मीटरचं, म्हणजे ताकद दाखवणाऱ्या पट्टीचं. 'स्ट्रीट फायटर ६' हा गेम २०२३ मध्ये आला आणि त्यात ताकदीचा फार विचारपूर्वक केलेला हिशेब आहे. लढवय्यात किती जीव उरला ते दाखवणाऱ्या आयुष्याच्या पट्टीखाली ड्राइव्ह नावाची सहा घरांची पट्टी असते आणि फेरीच्या सुरुवातीला ती पूर्ण भरलेली असते. जोराचा धक्का, म्हणजे ड्राइव्ह इम्पॅक्ट, एक घर खातो. खास फटका जास्त तिखट करून मारला की दोन घरं. चालू फटका मधेच तोडून पुढे झेप घेतली की तीन घरं, म्हणजे अर्धी पट्टी एका झटक्यात. नुसतं बचाव करत बसलं तरी पट्टी कमी होत जाते. आणि सहाही घरं संपली की बर्नआउट: लढवय्या राखाडी पडतो. त्या अवस्थेत ड्राइव्हची एकही युक्ती चालत नाही, फटका अडवल्यावर नेहमीपेक्षा ४ फ्रेम जास्त अडकून राहावं लागतं, आणि अडवलेले खास फटकेसुद्धा थोडं थोडं आयुष्य कापत जातात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पट्टी निम्मी भरली म्हणून सुटका होत नाही. ती काठोकाठ भरेपर्यंत बर्नआउट संपत नाही.

कर्जात अडकलेल्या घराचं याहून नेमकं चित्र सापडणं कठीण. जूनमध्ये गाठीला काही नसताना गावात शेकडा पाचने २०,००० उचलले की महिन्याला १,००० रुपये. नोव्हेंबरपर्यंतच्या पाच महिन्यांचे ५,०००, आणि मुद्दल तशीच उभी. अडवलेला फटकाही थोडं थोडं आयुष्य कापतो, तसंच हे. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला १२ टक्के आणि तारणावर ९ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. त्या दराने २०,००० चे महिन्याला २०० होतात. पण बर्नआउटमधला माणूस दर विचारत नाही. कृषी केंद्राची उधारी असेल तर माल त्याच्याच ओळखीच्या अडत्याकडे घालावा लागतो आणि भावात घासाघीस करायची सोय राहत नाही. त्याच्या प्रत्येक हालचालीला उशीर होतो, आणि समोरच्याला तो दिसतो. गेममध्ये बर्नआउट झालेल्याला भिंतीशी गाठून जोराचा धक्का दिला की त्याने तो अडवला तरी तो भोवळ येऊन पडतो. आपल्याकडची ती भिंत म्हणजे जून महिना: पाऊस पडला आहे, पेरा करायचाच आहे, मागे सरकायला जागा नाही.

म्हणून आमची सूचना अगदी सोपी आहे. सहा घरं, बारा महिने. एका घरात दोन महिने. नोव्हेंबर-डिसेंबर, जानेवारी-फेब्रुवारी, मार्च-एप्रिल, मे-जून, जुलै-ऑगस्ट, सप्टेंबर-ऑक्टोबर. वरच्या हिशेबाने प्रत्येक घरात १४,०००. आधी पीककर्ज बाजूला काढायचं, कारण ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याज शून्यावर येतं आणि पुढच्या हंगामाचा दरवाजा उघडा राहतो. मुदत चुकली की ती सवलत गेली. मग घरं भरायला घ्यायची. इथे जवळजवळ सगळे चुकतात. पैसा हाती आला की जवळचं घर आधी भरतात: दिवाळीची उधारी, कपडे, लग्नसराई. उलट करावं. पहिल्यांदा जुलै-ऑगस्टचं घर भरावं, नंतर मे-जून, मग सप्टेंबर-ऑक्टोबर, मग मार्च-एप्रिल. हिवाळ्यात कापसाची दुसरी-तिसरी वेचणी आणि तूर मागून येतच असते, तेव्हा ते महिने कसेही निघतात. निंदण-फवारणीच्या ऐन दिवसांत मात्र गावात स्वस्त पैसा कुणाकडेच नसतो.

हे पैसे पेटीत किंवा धान्याच्या कोठीत ठेवू नयेत. दिसणारा पैसा पोळ्याची वाट पाहत नाही. बँकेत मुदत ठेव ७ दिवसांपासून १० वर्षांपर्यंतच्या मुदतीची करता येते. नोव्हेंबरात एकाच दिवशी वेगवेगळ्या मुदतीच्या ठेवी कराव्यात: एक १ मार्चला सुटणारी, एक १ मेला, एक १ जुलैला, एक १ सप्टेंबरला. पैसा टप्प्याटप्प्याने आला तर आला तसा एकेक ठेव करावी. व्याज फारसं नाही, पण ठेव मोडायला बँकेत जावं लागतं, फॉर्म भरावा लागतो, आणि तेवढ्या वेळात निम्मे मोह उतरतात. खरोखर अडचण आली तर ती मोडता येते, थोडं व्याज कापलं जातं इतकंच. ठेव नवरा-बायको दोघांच्या नावे असावी आणि दोघांच्या सहीने निघेल अशी लिहून घ्यावी. जुनं कर्ज थकीत असेल तर त्याच बँकेत ठेव नको, कारण थकबाकीपोटी खात्याला होल्ड लागू शकतो, म्हणजे पैसे काढता येत नाहीत. जास्त व्याज देणाऱ्या पतसंस्थेचा मोहही नको: बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही.

पट्टीची सगळी घरं सारखी नसतात हे मान्य. जूनमध्ये शाळेचा प्रवेश, वह्या, गणवेश. ऑगस्ट-सप्टेंबरात पोळा आणि सणवार. हे खर्च दरवर्षी येतात आणि दरवर्षी अचानक आल्यासारखे वाटतात. त्या त्या घराच्या खाली ते आधीच लिहून ठेवावेत आणि २२,१०० च्या शिलकीतून तिथे भर घालावी.

गेममध्ये दुसरी एक पट्टी असते, सुपरची, म्हणजे सगळ्यात मोठ्या फटक्याची. तिचे तीन टप्पे. ती फेरीच्या सुरुवातीला आपोआप भरत नाही, पण एका फेरीत साठवलेली पुढच्या फेरीत सोबत येते. घराची राखीव रक्कम अशीच असावी, वर्षाच्या हिशेबात न मिसळणारी. पहिला टप्पा ५,०००: ताप, दवाखाना, पाण्याची मोटार जळणं. दुसरा १५,०००: दुबार पेरणी, कारण तीन एकरांचं सोयाबीन बियाणं, ट्रॅक्टर आणि मजुरी पुन्हा एवढी सहज खाते. तिसरा ४२,०००: सहा महिन्यांचा घरखर्च, हंगाम बुडालाच तर. हे एका वर्षात होणार नाही, तीन-चार वर्षं लागतील. ज्या घरी लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० येतात तिथे त्यातले ५०० बाईने स्वतःच्या खात्यात याच कामासाठी अडवून ठेवले तर पहिला टप्पा दहा महिन्यांत भरतो. पहिल्या टप्प्याचं काम असेल तेव्हा तिसऱ्याला हात लावायचा नाही, हे पोट्ट्यांना सांगावं लागत नाही. छोट्या मारासाठी तिसरा सुपर जाळणारा पुढच्या फेरीत कसा मार खातो हे त्यांना तोंडपाठ आहे.

फटक्यांची जी माळ लावतात तिला कॉम्बो म्हणतात, आणि तिच्यातही शेतीला लागू पडेल असं काही आहे. साधारण तिसऱ्या फटक्यापासून प्रत्येक फटक्याची इजा घटत जाते, शेवटच्या फटक्यांना जेमतेम दहा टक्के उरतात. म्हणून जाणता खेळाडू लांबलचक माळेच्या शेवटी मीटर खर्चत नाही. शेतातही असा शेवटचा खर्च फारसं काही देत नाही: सोयाबीन आपल्या मुळांच्या गाठींत हवेतला नत्र स्वतः धरतं, तरी शेजाऱ्याचं पीक हिरवंगार दिसलं म्हणून युरियाची आणखी एक गोणी टाकली जाते. गोणी २६६ रुपये ५० पैशांची आहे, पण तिने शेंगा वाढत नाहीत, झाड नुसतं पाल्यावर जातं. वर मजुरी वेगळी.

या तुलनेला मर्यादा आहेत, त्या लपवायच्या नाहीत. गेममधल्या फटक्याच्या फ्रेम ठरलेल्या असतात, पावसाच्या नसतात. तिथे फेरी संपली की आयुष्य आणि ड्राइव्ह दोन्ही पुन्हा भरतात, इथे मागच्या वर्षीची थकबाकी घेऊनच नवी फेरी सुरू होते. आणि गेम स्वतःच पैसे खाऊ शकतो. त्यासाठी पालकांनी तीन गोष्टी आजच कराव्यात: प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय चालू करावी, यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे उघडून पिन न विचारता दरमहा कापल्या जाणाऱ्या रकमा पाहाव्यात आणि नको त्या बंद कराव्यात, आणि बापाच्या मुख्य खात्याऐवजी थोडी रक्कम ठेवलेलं वेगळं खातं मोबाइलला जोडावं. पैसे लावून खेळायचे गेम हा वेगळाच प्रकार आहे. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने त्यांच्यावर बंदी आली आहे. कौशल्याचा खेळ आणि पैशाचा जुगार यांना एका काठीने हाकू नये. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 'स्ट्रीट फायटर ५' पदकाचा खेळ होता आणि त्यात भारताचे खेळाडू उतरले होते.

पण आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट वेगळीच. या खेळात दोन्ही पट्ट्या पडद्यावर सतत दिसतात, खेळणाऱ्याला आणि मागे उभं राहून पाहणाऱ्यालाही. आपल्या घरात ती पट्टी एकट्या बापाच्या डोक्यात असते. सोसायटीचं किती, कृषी केंद्राचं किती, गावातल्या कुणाचं किती, हे बायकोला अंदाजाने माहीत आणि मुलांना अजिबात नाही. मुलगा मोबाइलसाठी हट्ट धरतो कारण पट्टी रिकामी आहे हे त्याला दिसतच नाही. बाप सांगत नाही कारण सांगायची लाज वाटते. आपल्या जिल्ह्यांत या न सांगण्याची किंमत किती घरांनी मोजली आहे ते वाचकांना सांगायला नको.

म्हणून तक्ता भिंतीवर हवा. जुन्या कॅलेंडरची मागची कोरी बाजू घ्यावी, त्यावर सहा आडव्या पट्ट्या आखाव्यात, प्रत्येक पट्टीत हजार-हजाराचे चौदा चौकोन. हजार रुपये खर्च झाले की एक चौकोन पेनाने काळा. पुढच्या पट्टीतला चौकोन वेळेआधी उघडावा लागला तर तो लाल. खाली सुपरचे तीन टप्पे. उजव्या कोपऱ्यात देणं किती, कुणाचं, कोणत्या महिन्यात द्यायचं, आणि त्याशेजारी घराचा दिवसाचा आकडा: साठ, चाळीस, जो निघेल तो. किराण्याच्या उधारीची वही आठवडी बाजाराच्या दिवशी या तक्त्याशी ताडून पाहावी. खरेदी केंद्रावरची पावती हाती आली म्हणून चौकोनात पैसा आला असं धरू नये, चुकारा खात्यात जमा झाल्यावरच धरावं. तोवर ती पावती म्हणजे उगारलेला हात आहे, लागलेला फटका नव्हे. हे सगळं करायला आठवी-नववीतली मुलगी किंवा मुलगा पुरे आहे, आणि ते मोठ्या माणसांपेक्षा चोख करतील.

आपल्या पत्राला विनंती अशी की या तक्त्याचा नमुना शेतीपानावर पानभर छापावा, कापून भिंतीला चिकटवता येईल असा, आणि दर दोन महिन्यांनी त्या त्या घराला येणारे खर्च आठवण म्हणून द्यावेत. बचत गटांच्या मासिक बैठकीत आणि गावच्या वाचनालयात तो लावता येईल. नमुना नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला तर कापसाचा पहिला चुकारा जमा होण्याआधी घराघरांत सहा पट्ट्या आखून तयार असतील.

आपले,
काही वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ